वरपित्याने सोडवलेला बोल्ट

‘पाइप द्या हो एखादा, पाइप! नुसत्या पान्याला हे दाद देत नाही,’ गाडीखालून बाळगोंडा पाटलांचा आवाज आला आणि माझे वडील निमूटपणे शेडमध्ये जाऊन हातभर लांबीचा लोखंडी पाइप घेऊन आले.

यात नवल ते काय, असं कुणाला वाटेल. नवल असं, की पाटील बोल्ट सोडवायला पाना उजवीकडे फिरवत होते. बोल्ट उजवीकडे आवळतो आणि डावीकडे सुटतो, हे लोणच्याची बरणी उघडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. माझ्या वडिलांचा तर जन्म बोल्ट-नटांत गेलेला. जयसिंगपुरात ‘मगदूम इंजिनिअरिंग वर्क्स’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नसे. आणि तेच भूपाल मगदूम, जो बोल्ट सुटायला हवा तो आणखी जोर लावून आवळता यावा म्हणून, पाटलांच्या हातात पाइप देत होते. वर म्हणत होते, ‘घ्या पावणं, चांगला मजबूत आहे.’

कारण त्या दिवशी मला बघायला आले होते, आणि बाळगोंडा पाटील हे मुलाचे वडील होते.

माझं लग्न जमत नव्हतं. रूपाला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, निदान आई तसं म्हणायची. अडचण होती ती लेथची, लोखंड तासायच्या यंत्राची. कॉलेज संपल्यावर मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेडमध्ये फोन घ्यायला म्हणून बसू लागले आणि बघता बघता लेथवर रमले. लोखंड तासायला मला मनापासून आवडायचं. पण बघायला येणाऱ्या बायकांची नजर आधी माझ्या नखांवर जायची. नखांतला काळा रंग काही केल्या पुरता निघत नसे. मग ‘कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी कळवत नसत, आणि अण्णा दोन-चार दिवस जेवणाकडे नुसते बघत बसत. मला त्यांचा तो चेहरा बघवायचा नाही. म्हणून या वेळी मी मनाशी ठरवून टाकलं होतं, मुलगा बरा निघाला आणि त्यांनी हो म्हटलं, तर आपणही हो म्हणायचं आणि अण्णांना मोकळं करायचं.

सकाळी आईने लिंबाची फोड घेऊन माझी नखं घासली.

‘लेथचं नाव काढायचं नाही,’ ती म्हणाली. ‘विचारलंच तर शिवणकाम येतं म्हणायचं.’

‘मला शिवणकाम कुठं येतंय?’

‘लग्न झाल्यावर कोण विचारत बसतंय? आणि खाली बघून बोल. तुझी नजर लई सरळ असते.’

अण्णांबद्दल इथेच सांगून टाकते. शेडमध्ये ते म्हणजे साक्षात जमदग्नी. केसाएवढा फरक पडला तरी कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घरातही त्यांचाच शब्द चाले. एकदा स्वयंपाकघरातली फळी त्यांनी स्वतः ठोकली आणि ती वाकडी बसली, तर आईने डबे त्या उताराच्या बेताने लावले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. असा हा माणूस मुलीचा बाप म्हणून उभा राहिला की मात्र अंगातलं वारं गेल्यासारखा व्हायचा. मुलाकडच्यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं, तर अण्णांनी खुर्च्या पश्चिमेकडे तोंड करून मांडल्या असत्या.

पाटील मंडळी दुपारी आली. पाटील दूध संघाचे संचालक, धिप्पाड, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. बरोबर त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे काकू, आणि मुलगा सुकुमार. सुकुमार सांगलीला कॉलेजात शिकवत होता. उंच, शांत, डोळ्यांत थोडं हसू. माझ्याकडे बघताना तोच आधी लाजला. मला तो आवडला. आता इतक्या वर्षांनी हे सांगायला काही हरकत नाही.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर येते न येते तोच खिडकीशी उभ्या असलेल्या आईने अण्णांना खूण केली. अंगणात पाटलांच्या गाडीखाली तेल ठिबकत होतं. आईने पहाटे उठून काढलेल्या रांगोळीतल्या कमळाच्या बरोबर मधोमध काळं डबकं साचलं होतं.

अण्णा घसा खाकरून म्हणाले, ‘पावणं, गाडीला जरा... म्हणजे विशेष काही न्हाई, पण थोडं ऑइल...’

पाटील उठून खिडकीशी आले. त्यांना वाईट वाटण्याऐवजी उलट तजेलाच आला.

‘चेंबरचा बोल्ट!’ ते म्हणाले. ‘परवाच ऑइल बदललं. मी बदललं, या हातांनी. गॅरेजवाल्याला आमच्या गाडीला हात लावू देत नाही मी. पोरं शिकाऊ असतात, आटे खराब करून ठेवतात. वॉशर बसला नसेल नीट. काढून परत बसवतो, किती वेळ लागतोय? पाना आहे का तुमच्याकडं?’

पाना आहे का, हे मगदुमांच्या घरी विचारत होते!

‘आहे की,’ अण्णा म्हणाले. ‘पण तुम्ही कशाला त्रास घेताय? मी बघतो की.’

‘छे छे! माझ्या गाडीची नस मलाच माहीत.’

मग पाटलांनी शर्ट काढून काकूंच्या हातात दिला. मुलाच्या वडिलांनी पोत्यावर कसं झोपायचं, म्हणून आईने दिवाणावरची नवी सतरंजी आणली. ती डबक्याशेजारी अंथरली गेली आणि तिच्यावर दूध संघाचे संचालक बनियनवर आडवे होऊन गाडीखाली सरकले. बाहेर फक्त पाय राहिले. आम्ही सगळे त्या पायांभोवती हात बांधून उभे राहिलो.

‘आता बघा हं मगदूम,’ पायांच्या पलीकडून आवाज आला, ‘इथंच लोक चुकतात. वरनं बघताना बोल्ट डावीकडं सुटतोय. पण आपण आता कुठं आहोत?’

‘खाली,’ अण्णा म्हणाले.

‘खाली! म्हणजे सगळं उलटं. आरशातल्यागत. म्हणून खालनं सोडवताना उजवीकडं फिरवायचं. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात मिळायची नाही तुम्हाला.’

‘न्हाई मिळायची,’ अण्णा म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

पाना फिरायला लागला. मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात आपोआप हवेत उठला आणि डावीकडे वळला. लक्षात येताच त्यांनी तो डाव्या हाताने धरून पाठीमागे नेला. कपाळावर घाम आला होता. घरच्या म्हशीला दुसऱ्याने चुकीचं दावं बांधावं आणि आपण बघत राहावं, तसं चाललं होतं त्यांचं.

सुकुमार गाडीच्या पलीकडे गुडघे टेकून बॅटरीचा उजेड दाखवत होता. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने मी तिकडे गेले आणि हळूच म्हणाले, ‘उलट फिरवतायत ते.’

‘माहितीये,’ तो तितक्याच हळू म्हणाला.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मुलाला कळत होतं!

‘मग सांगा की त्यांना. आटे जातील.’

सुकुमारने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं.

‘पप्पांना सांगायचं नसतं,’ तो समजुतीने म्हणाला. ‘राग येतो त्यांना. एकदा करू दिलं की शांत होतात. मग आपण मागनं नीट करून घ्यायचं. गावात एक मिस्त्री आहे, तो गुपचूप येऊन जातो.’

‘नेहमी?’

‘पप्पा संघात गेले की.’ आणि तो गोड हसला. हसणं इतकं चांगलं होतं की मी तांब्या तसाच परत घेऊन आले.

पाइप मागितला गेला तो त्यानंतर. पान्याच्या दांड्यावर पाइप चढला, पाटलांनी ‘जय जिनेंद्र’ म्हणून सगळं वजन टाकलं, आणि ‘कट्ट’ असा आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो जन्मात विसरत नाही. आटे गेल्याचा आवाज तो. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

‘सुटला!’ पाटील आनंदाने ओरडले. ‘बघा, सुटला की नाही? जोर लागतो आणि अक्कल लागते.’

‘दोन्ही लागतंय,’ अण्णा कसेबसे म्हणाले.

बोल्ट आता गरागरा फिरत होता, पण खाली येत नव्हता. येणार कसा? आतले आटेच उरले नव्हते, त्याला धरायला काही नव्हतं आणि सोडायलाही काही नव्हतं. पाटील फिरवत राहिले. ‘लांब बोल्ट दिसतोय,’ म्हणाले. थोड्या वेळाने ठिबकणाऱ्या तेलाची धार झाली. आईने धावत जाऊन परात आणली आणि ती भरायला लागली.

‘हे आपलं होतच असतं,’ पाटील बाहेर सरकत म्हणाले. कोपरापर्यंत काळे झाले होते, पण चेहऱ्यावर समाधान. ‘पण मगदूम, ऊन उतरायच्या आत घरी पोचायला पाहिजे. आमच्यात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही.’

‘आमच्यातपण न्हाई,’ अण्णा म्हणाले. ‘तुम्ही हात धुऊन घ्या, फराळ करा. तोवर मी तेवढा बोल्ट पुसून ठेवतो.’

‘पुसा, पुसा. फक्त फिरवू नका, मी आल्यावर बसवतो.’

पाटील आत वळले मात्र, अण्णांच्या अंगात शेडमधले अण्णा शिरले. ‘प्रभा,’ ते कुजबुजले, ‘एक माप वरचा बोल्ट बघ. मान तासून दे. तांब्याचा वॉशर डाव्या खणात हाय. मी टॅप मारतो. आणि आवाज करू नको.’

लेथ चालवायचा आणि आवाज करायचा नाही! मी आईची जरीची साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पदर कमरेला घट्ट बांधला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि बटण दाबलं. लेथ घरघरला. आतून पाटलांचा प्रश्न ऐकू आला, ‘हे कसलं हो?’ आणि आईचं उत्तर, ‘शेजारची पिठाची गिरणी. रविवारी गर्दी असते.’ आई आयुष्यात इतक्या सहजपणे कधी खोटं बोलली नव्हती. लेकीच्या लग्नासाठी तीही शिकली.

जाड बोल्ट लेथच्या जबड्यात धरून मी त्याची लांबी कापली, मान तासली. अण्णांनी लांब कांबीने उचकटून जुना बोल्ट काढला होता. ते सतरंजी बाजूला सारून जमिनीवर झोपले आणि टॅपच्या दातांना ग्रीस फासून नवे आटे पाडायला लागले. ग्रीस फासलं की लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो, इंजिनात जात नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा त्यांचा हात चालला होता. त्या दोन हातांत काय सुरेख समजूत होती! आणि याच माणसाने मघाशी पाइप आणून दिला होता, याचा मला संताप आला.

‘अण्णा, तुम्ही बोलला का न्हाई?’

‘गप.’

‘तुम्हाला दिसत हुतं की.’

‘पोरीचा बाप हाय मी,’ गाडीखालून आवाज आला. ‘तुझं एकदा होऊन जाऊ दे. मग मी कुणालाबी बोलतो.’

बोल्ट देऊन मी हात धुवायला मोरीत गेले, तर मागोमाग काकू आल्या. त्यांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं, कपाळावर उडालेल्या तेलाच्या ठिपक्याकडे पाहिलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, संपलं. पण त्यांनी पदराच्या टोकाने माझं कपाळ पुसलं.

‘मी कुणाला सांगायची नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माणूस सोन्यासारखा आहे बघ आमचा. दारू नाही, विडी नाही, कधी हात उचलला नाही. फक्त त्यांना चुकलं म्हणायचं नाही. नळ, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्याला हात लावतात. तू नुसतं हो म्हणायचं. सवय होते. मलाही पहिल्यांदा जड गेलं.’

‘आणि आता?’

‘आता मला खरंच कळत नाही, कुठलं बरोबर आणि कुठलं चूक,’ काकू म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना ती गंमत वाटत होती. मला मात्र हसू आलं नाही.

बाहेर पाटील शर्ट नुसता अडकवून, बाह्या सरसावून आले, तेव्हा बोल्ट बसला होता, आमच्या टेम्पोसाठी आणलेल्या डब्यातलं ऑइल गाडीत ओतून झालं होतं आणि अण्णा चिंधीने हात पुसत उभे होते.

‘बसवला?’ पाटलांच्या कपाळाला आठी पडली. ‘मी म्हटलं होतं, फिरवू नका.’

‘मी काय केलं न्हाई पावणं,’ अण्णा हात जोडून म्हणाले. ‘तुम्ही मोकळा करून ठेवलाच हुता. मी नुसता वर ढकलला तर बसला की बिचारा.’

आठी मावळली. पाटलांनी वाकून पाहिलं, एक थेंब नव्हता.

‘बघा, सुरुवात बरोबर केली की पुढचं आपोआप होतं,’ ते म्हणाले.

सगळे पुन्हा बैठकीत बसले. मी खाली जाजमाच्या कडेला, आईशेजारी. पाटील तक्क्याला टेकले, त्यांनी काकूंकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, दोघांनी लगेच माना हलवल्या.

‘तर मगदूम, आम्हाला स्थळ पसंत आहे,’ पाटील म्हणाले.

आईचा हात माझ्या पाठीवर आला. अण्णा हात जोडून अर्धवट उठले, परत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘खरं सांगतो,’ पाटील रंगात आले, ‘मुलगी तर चांगली आहेच, पण मी माणसं बघतो. आज गाडीचं काम निघालं, तुम्ही दहा सल्ले देऊ शकला असता. तुमचा धंदाच तो. पण एक शब्द मध्ये बोलला नाही. आमच्या घरात एकाचंच म्हणणं चालतं, म्हणून घर चाललंय. सुकुमारला विचारा.’

‘हो,’ सुकुमार म्हणाला.

‘आता रीतीप्रमाणं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. आम्ही जुन्या वळणाचे नाही.’

हा प्रश्न प्रत्येक घरी विचारला जायचा आणि प्रत्येक मुलगी त्यावर मान खाली घालून ‘काही नाही’ म्हणायची. मीही आजवर तेच म्हणत आले होते. आईने माझ्या पाठीवर बोटाने हलकेच टोचलं. ‘काही नाही’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले सुद्धा. समोर काकू बसल्या होत्या, त्या मला नजरेने सांगत होत्या, म्हण, म्हण, सोपं असतं.

‘एक विचारायचं होतं,’ मी म्हणाले. ‘काका, गाडीखाली झोपून बोल्ट सोडवायचा, तर पाना कुठल्या बाजूला फिरवायचा?’

आईचं बोट पाठीवर होतं तिथेच थांबलं. पाटील मात्र खूश झाले. सुनेला शिकायची हौस आहे, असं त्यांना वाटलं असावं.

‘मघाशी ऐकलं नाहीस वाटतं. खालनं उजवीकडं. काय गं?’ त्यांनी काकूंना विचारलं.

‘उजवीकडं,’ काकू म्हणाल्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

‘सुकुमार?’

सुकुमारला कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत सरळ बघत होते, आईने बजावलं होतं ते विसरून. एक शब्द, मी मनात म्हणत होते. एवढा एक शब्द बोल, मी आत्ता हो म्हणते, मग तुझे पप्पा जन्मभर नळ मोडत बसू देत. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने मान खाली घातली.

‘उजवीकडे,’ तो म्हणाला.

‘आणि तुझ्या वडलांना विचार की! ते तर यातलेच,’ पाटील हसत अण्णांकडे वळले. ‘सांगा मगदूम पोरीला. कुठल्या बाजूला?’

अण्णांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी पाटलांकडे पाहिलं. मग मान खाली घातलेल्या सुकुमारकडे पाहिलं, बराच वेळ. एखादा तासलेला नग माप घेऊन तपासावा तसं ते त्या मुलाला तपासत होते. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मलाच वाटलं, जाऊ दे, म्हणा उजवीकडे, मी काही मनाला लावून घेणार नाही.

‘डावीकडं,’ अण्णा म्हणाले.

‘आं?’

‘डावीकडं, पावणं.’ आवाज चिरका निघाला होता, म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि परत सांगितलं, या वेळी शेडमधल्या आवाजात. ‘वरनं बघा, खालनं बघा, झोपून बघा न्हाईतर उभं राहून बघा. बोल्टच्या डोक्याकडं तोंड केलं की तो डावीकडंच सुटतोय. तुम्ही उजवीकडं फिरवून आटे घालवले. मी नवीन पाडले. आणि त्यात बसवलेला बोल्ट हिनं तासलाय, लेथवर.’

सुकुमारने मान वर केली ती जराशी उशिरा केली. पाटील उठले, शर्टाची बटणं लावायला लागले, आणि तीही वरखाली लागली. कुणी त्यांना सांगितलं नाही. काकू जाताना उंबऱ्याशी थांबल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी गेली. अंगणात तेलाचा एक ठिपकाही नवा पडला नव्हता.

आई भिंतीला टेकून बसली. ‘हातात आलेलं स्थळ,’ ती म्हणाली. ‘पोराला नोकरी, घरदार, दोन वेळचं सुखाचं जेवण. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?’

अण्णा तिच्यासमोर उभे राहिले. त्यांची मान ताठ होती. इतक्या वर्षांत प्रथमच ते मुलीचे बाप असूनही कुणाला तरी खरं बोलले होते, आणि ते त्यांना आवडलं होतं.

‘मी एक गिळला असता गं,’ ते म्हणाले. ‘पण त्या घरात हिला रोज गिळायला लागले असते. जन्मभर. त्या बाईचं काय झालंय बघितलंस न्हवं? माणसानं कसं जगायचं असं?’

आईने वर पाहिलं. डोळे पुसले. मग अगदी साध्या आवाजात, जसं मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं, तिने विचारलं, ‘आणि मी गिळते ते?’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मघाशी त्यांनी माझी बाजू घेतली होती, आता मी त्यांची घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ट्रे उचलला, कपबश्या गोळा केल्या आणि आत निघून गेले.